तेरणेच्या पात्रातला पांढरा दगड

मित्रांनो, तेरणेच्या पात्रात एकच पांढरा दगड दिसतो, तो मी. मुळात मी काळा. हा रंग माझा नव्हे आणि त्याची मला फार लाज वाटते.

पूर्वी मी काठावरच्या एका घराच्या भिंतीत होतो. भूकंपात गाव पडलं. माणसं पत्र्याच्या शेडात राहायला गेली आणि आम्हा दगडांकडे बघेनाशी झाली. लेकरंसुद्धा आमच्यावर बसायला भ्यायची.

मग ताहेरमियाँ आणि गुरुपादप्पा या दोघा शेजाऱ्यांनी आम्हाला पहारीने लोटत लोटत नदीत आणलं. पलीकडे महादेवाचं जुनं देऊळ आणि घाट. मधल्या गाळात पाय रुतायचा, म्हणून त्यांनी आमची वाट मांडली. गुरुपादप्पांची बायको मल्लम्मा काठावरूनच म्हणाली, "ह्यांनी घरं गिळली. म्या न्हाई पाय ठेवणार!"

"वैनी, दगडाचा काय कसूर?" ताहेरमियाँ हसले. "आपणच त्याला डोक्यावर चढवलं. आता पायाखाली घेऊ, मंग बघा कसा नीट राहतो."

तेव्हापासून मल्लम्मा दर सोमवारी माझ्यावरून देवळात जाऊ लागली. पुढे डोळे अधू झाले, तरी तिचे तळवे आम्हाला ओळखत. ताहेरमियाँ आणि बेगमबीची नात सदफ लहानपणी खोबऱ्याच्या तुकड्यासाठी तिच्या पदराला धरून यायची.

सदफ मोठी झाली, शिकायला लातूरला गेली. एका हिवाळ्यात तिच्या कॉलेजचं शिबिर देवळाच्या काठावर आलं. नदीचं जुनं खोरं जपायचं, म्हणून पोरं मनापासून राबली. घाटातली झुडपं काढली, पायऱ्या धुतल्या. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गटप्रमुख वीरेश म्हणाला, "पात्रातले ते पडके धोंडे उचला रे. पांढरा ऑइलपेंट मारू, देवळापुढं 'वारसा जपा' अशी अक्षरं मांडू!"

सदफ जागीच थबकली. धुळीमुळे सगळ्याच मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधले होते. तिचा जरा जास्तच घट्ट होता. समोरचं गाव आपलं, हे तिने लाजेने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"उचल की गं," बरोबरच्या अंबिकाने टोमणा मारला. "लातूरच्या पोरीला धोंडा झेपंना व्हय?"

"झेपतो की," सदफ म्हणाली. आणि तिनेच मला उचललं.

मी 'वारसा'मधल्या एका कान्यात बसलो. दुसऱ्या दिवशी सोमवार. पाहुणे कौतुकाने आमचे फोटो काढत होते, तेवढ्यात पलीकडून बेलाची पानं घेऊन मल्लम्मा पात्रात उतरली. सवयीने तिने पाय टाकला. पायाखाली मी नव्हतो.

"आज्जी, थांब! धोंडे न्हाईत तिथं!" सदफने स्कार्फ ओढून फेकला आणि धावली. तोवर म्हातारी कमरेपर्यंत गाळात रुतली होती. सदफने मिठी घालून तिला बाहेर ओढलं.

मल्लम्माने चिखलाच्या हातांनी तिचं तोंड चाचपलं. "सदफ? आपल्या बेगमबीची सदफ? कवा आलीस गं? आज्जी तुझी फाट्यावर जाऊन यस्टीची वाट बघून राहिली."

काठावर सगळे ऐकत होते.

"मी... हितंच होते, आज्जी."

"हितं? मंग धोंडे कुणी काढले?"

"मीच."

मल्लम्मा रागावली नाही. बेलाची पानं धुऊ लागली. तेच सदफला सोसलं नाही.

पहिला धोंडा खांद्यावर घेऊन वीरेशच पाण्यात शिरला. दुपारपर्यंत अक्षरं मोडली, वाट जुळली. सदफने मला वाळूने, नारळाच्या शेंडीने खूप घासलं. रंग निघाला नाही. मग मान खाली घालून ती माझ्यावरून गावाकडे गेली, बेगमबीकडे.

आता मल्लम्मा म्हणते, "एवढा पांढरा तेवढा दिसतो बाई मला," आणि पहिला पाय माझ्यावर ठेवते. त्या कौतुकानेही मी शरमतो.

मित्रांनो, आमचं खोरं जपायला जरूर या. पण दगड हलवण्याआधी काठावरच्या गावात जाऊन विचारा. आणि तुमच्यातल्या कुणाला ठाऊक असेल, तर त्याने तोंडावरचा स्कार्फ सोडून वेळेवर बोलावं. पूर येतात, जातात. माझा रंग अजून निघालेला नाही.