राष्ट्राध्यक्षांची मोटार

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने निवेदन काढले : पदावर असेपर्यंत राष्ट्राध्यक्षांवर फौजदारी खटला चालवता येत नाही, सबब शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना चिरडणारी मोटार ते चालवत नव्हते.

या 'सबब'चे कर्तृत्व थोर आहे. खटला चालत नाही, म्हणून गुन्हाही घडलेला नाही. पण बाई तर मेलेल्या. तेव्हा गुन्हेगार दुसरा हवा. मोटारीत दुसरा एकच माणूस होता, राष्ट्राध्यक्षांचा ड्रायव्हर. त्याला अटक झाली.

न्यायालयात मोटार तपासणाऱ्या मेकॅनिकने साक्ष दिली, की जप्तीच्या वेळी चालकाचे सीट पार मागे सरकवलेले होते. बचावाच्या वकिलांनी ड्रायव्हरला आवारात उभ्या असलेल्या त्याच मोटारीत, त्याच सीटवर बसवले. राष्ट्राध्यक्ष सहा फुटांचे, ड्रायव्हर जेमतेम पाच. त्याचे पाय अधांतरी लोंबकळू लागले.

"साहेब, ब्रेक तिथे आणि पाय इथे," मेकॅनिक न्यायाधीशांना म्हणाला. "आता कसं करता?"

बावीस वर्षे 'जमवतो, साहेब' म्हणत आलेला ड्रायव्हर सवयीने पाय ताणू लागला.

"अहो, ताणू नका!" त्याची बायको गर्दीतून ओरडली. "आज तरी जमवू नका!"

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ते प्रामाणिक होते आणि अडचणीत होते. हा निर्दोष म्हणावा, तर मोटार चालवणारा एकच उरतो, आणि त्याच्याविषयी निष्कर्ष काढण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे लेखी खुलासा मागवला. तो त्याच दिवशी आला. ज्याच्यावर खटलाच चालत नाही, त्याने उशीर कशाला करावा?

निकाल असा लागला : अधिकारकक्षेबाहेरील व्यक्तीचा खुलासा पुराव्यात धरता येत नाही. ड्रायव्हरला सात वर्षे.

"पण वकीलसाहेब, त्यांनी स्वतः लिहून दिलंय ना?"

"दिलंय, वहिनी."

"सहीसकट?"

"सहीसकट. पण ते विचारात घ्यायचं नाही, असं ठरलंय."

कागद मात्र फायलीत आहे. खऱ्या आरोपीचा हा कबुलीजबाब, शब्दशः :

"मोटार मीच चालवत होतो. बाई दिसल्या होत्या, पण मला उशीर झाला होता. ड्रायव्हर मागे बसून 'थांबा, थांबा' म्हणत होता. माणूस चांगला आहे. शिक्षा शक्यतो कमी द्यावी."