शिमग्याला दिलेला होकार

साखरपुडा मोडल्याचं वनमालाला कळलं ते घाटकोपरच्या भाजीबाजारात, नवऱ्या मुलाच्या, जयवंतच्या, मावशीकडून. मुलाचं मन फिरलं म्हणे. सासरच्यांना नोकरी करणारी सून नको होती, म्हणून वनमालाने नुकताच टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीचा राजीनामा दिला होता. आता नोकरीही गेली आणि लग्नही.

आईचं म्हणणं, बोभाटा नको. वडील दत्ताराम, म्हणजे तिचे अण्णा, काहीच बोलले नाहीत. गिरणी बंद पडल्यापासून ते तसे घुमेच झाले होते, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. ती एकटीच मुलुंडला वकीलबाईंकडे गेली. रत्नप्रभाबाईंनी तिला नीट समजावलं. साखरपुडा म्हणजे लग्न करण्याचा करारच. कोर्ट कुणाला बळजबरीने बोहल्यावर चढवू शकत नाही, पण शब्द फिरवल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. वनमालाने दावा लावला.

जयवंतने कोर्टात सांगितलं, की सोयरीक दोन्ही घरांनी राजीखुशीने मोडली होती. त्याच्या बाजूने साक्षीला कोण येणार, हे बाईंनी तिला सांगितलं तेव्हा तिला ते खरंच वाटेना. घरी येऊन तिने विचारलं, तर अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

साक्षीच्या दिवशी दत्तारामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. जयवंतच्या काकांनी आपल्या कारखान्यात माणिकला, म्हणजे वनमालाच्या धाकट्या भावाला, चिकटवून घेतलं होतं. त्या बदल्यात आपण सोयरीक मोडायला गुपचूप होकार दिला, हे त्यांनी खाली मान घालून कबूल केलं.

"कधी दिलात होकार?" बाईंनी विचारलं.

"शिमग्याक."

"मुलीने नोकरी सोडली त्यानंतर, गुढीपाडवा झाल्यावर. तिला अडवलं का नाही?"

दत्ताराम म्हणाले, "तिका अडवला असता, तर सगळा सांगूचा लागला असता."

वनमालाला ती सकाळ आठवली. ती राजीनामा द्यायला निघाली, तेव्हा अण्णा दारापर्यंत आले होते. पाण्याचा पेला तिच्या हातात देऊन म्हणाले होते, उन्हातून जपून जा. सगळं ठाऊक असून म्हणाले होते.

न्यायाधीशांनी निकाल दिला, की लग्नाचा शब्द मुलीला दिलेला होता, तिला न विचारता वडिलांना तो सोडून देता येत नाही. भरपाई मंजूर झाली. बाहेर व्हरांड्यात दत्ताराम तिची वाट बघत उभे होते. घरी चल म्हणाले.

"जयवंत परका होता, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही कोण होतात?"

ती घरी गेली नाही. अंधेरीत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर तिला पुन्हा काम मिळालं, आणि तिथेच बायकांच्या वसतिगृहात एक खाट. दिवाळीला माणिक फराळ घेऊन आला. तिने त्याला चहा दिला, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, कारखान्यातलं काम विचारलं. तो निघताना चपला घालता घालता घुटमळला, ती अण्णांबद्दल काही विचारेल म्हणून. तिने डबा धुऊन त्याच्या हातात दिला आणि सांभाळून जा म्हणाली.