बनुबाईंचं उखळ

"उखळात काय बघतीस वाकून? आईनं मसाला काय तळाशी पुरून ठिवलाय व्हय?" मालनबाईंनी दारातून विचारलं.

रेश्मा सरळ उभी राहिली. सासूबाईंनी जन्मभर ज्या उखळात काळा मसाला कुटला, त्याचं दगडी पोट कोरडं ठणठणीत होतं. लाल डाग नाही की वास नाही. पण नणंदेला हे सांगून उपयोग नव्हता. तिचं लक्ष बरणीकडे होतं आणि बरणीत जेमतेम बोटभर मसाला उरला होता.

उद्या बनुबाईंचं तेरावं. अख्खं कोल्हार आमटीला यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक बनुबाईंसाठी आणि निम्मे त्यांच्या मसाल्यासाठी. दर उन्हाळ्यात बाई मागच्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. गल्ली ठसक्यानं बेजार व्हायची आणि दोन दिवस उखळाचा ठोका ऐकू यायचा. यंत्रावरचा मसाला म्हणजे भुसा, असं त्या दुसऱ्याच्या पंगतीत बसून खुशाल सांगत. सुनेला मात्र वीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. "हिला हात न्हाई," हे आल्यागेल्याला सांगून ठेवलेलं.

"दुकानातून पुडे मागव," मालनबाई म्हणाल्या. "लोक नावं ठिवतील, ठिवू दे. तू मातर काही करू नको. आईच्या तेराव्याला तरी नको." एवढं बोलून त्या आचाऱ्याकडे निघून गेल्या.

रेश्माला फार लागलं ते. सासू गेली, पण तिचं वाक्य काही गेलं नव्हतं. आता ते नणंदेनं उचललं होतं.

दुपारी एक साठीची बाई जड पिशवी घेऊन आली. भिंगारची मलिका, असं तिनं नाव सांगितलं. बनुबाईंच्या फोटोपुढे बसून डोळे पुसले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "घरात कोन हाय?"

"मी एकटीच हाय मावशी. का?"

"माझं मिरची कांडपाचं यंत्र हाय भिंगारच्या बाजारात. ह्यो बनुआक्काचा यंदाचा मसाला, पाच किलो. आक्का न्ह्यायला आली न्हाई, मंग चौकशी केली तवा कळलं."

रेश्माला काही उमगेना. "आत्याबाई तर उखळात कुटायच्या."

"कुटायची की. रिकामं उखळ." मलिकानं पदर तोंडाशी धरला. "पंचवीस वरसं झाली तिचं मनगट जाऊन. डाव्या हातानं मुसळ आपटायची, ठोका ऐकू यावा म्हनून. आनि मूठभर मिरच्या तव्यावर जाळायची, गल्लीला ठसका बसाया."

गुडघ्याच्या औषधाला म्हणून दर वैशाखात यष्टीनं नेमानं जाणाऱ्या सासूबाई रेश्माला आठवल्या. येताना पिशवी असायची, तिला कुणी हात लावायचा नाही, 'औषध बाधतं'. रेश्माला फोटोसमोरच हसू फुटलं.

मलिकानं पिशवीतल्या डब्याचं झाकण उघडलं आणि रेश्माचं हसू थांबलं. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. "ह्याच्यात खुरासनी हाय."

"तर. तीच तर सगळी जान. लई वरसांमागं आक्कानं एक पुडी आनली. म्हनली, सुनंनं केलाय, ह्याच्यात काय हाय ते हुडीक, आन् हितून फुडं मला असाच देत जा. दिवसभर चाखत बसलो आमी दोघी."

भंडारदऱ्याकडच्या माहेराहून आणलेली खुरासणी, म्हणजे कारळे, भाजून रेश्मानं लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मसाला केला होता. डोंगरातली रीत इथं चालायची नाही म्हणून तो उकिरड्यावर फेकला, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. पुढे आमटीला कधीकधी माहेरचा वास यायचा. मन वेडं असतं म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे वीस वर्षं गाव तिचाच मसाला खात होतं. तिला राग आला, चांगला सणसणीत राग आला.

"एकदा तरी म्हनायचं हुतं, आत्याबाई," ती फोटोला म्हणाली.

"म्हनायची. माझ्यापाशी," मलिका म्हणाली. "लई गुन गायची तुझं. हितं म्हनली असती तर खोली सोडावी लागली असती ना तिला."

मलिका गेल्यावर रेश्मानं डबा उचलला. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या. मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात दणादण आपटायला सुरुवात केली.

बाहेर मालनबाई धावत आल्या त्या ठसकतच. दारावर थाप मारायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला. "आईचाच ठोका," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि पायरीवर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पंगतीला, गावातले जुने खवय्ये, रामहरी तात्या बसले होते. त्यांनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले. "बनुबाईचा हात. असा मसाला आता होनं न्हाई."

"आईचा न्हाई, तात्या," मालनबाई म्हणाल्या. "आमच्या रेश्मानं कुटला काल. सोता."

सगळी पंगत तिच्याकडे बघू लागली. रेश्मा वाढत राहिली. तात्यांनी पुन्हा वाटी पुढे केली, ती तिनं काठोकाठ भरली. फोटोकडे मात्र तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भर तेराव्याला हसू आवरलं नसतं.