उचलेल त्याची

कार्थेजच्या कुंभारआळीत कुणाला कळा सुरू झाल्या की पहिला निरोप दोनाताला जाई. ती त्या ख्रिस्तवाल्यांत गेली आहे, असं लोक एरवी नाक मुरडून सांगत. पण अडलेल्या बाईला सुईणीचा देव कोण, हे विचारायला सवड नसते. मूल सुखरूप झालं की कुजबुज पुन्हा सुरू.

आज ती रोगातसच्या घरी होती. रोगातस मातीचे दिवे घडवायचा. त्याला दोन मुली होत्या आणि आता बायकोला, सेकुंदाला, तिसरीही मुलगीच झाली. रीत सगळ्यांना ठाऊक होती. सुईणीने बाळाला बापाच्या पायाशी जमिनीवर ठेवायचं. बापाने उचललं तर ते घरचं, नाही उचललं तर वेशीबाहेरचा उकिरडा.

उकिरड्यावर दलाल टपलेले असत. पोरी उचलायच्या, वाढवायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. दोनाताचे लोकही तिथे जाऊन पोरं उचलून आणत, पण जो आधी पोचेल त्याचं मूल. तिसरी मुलगी नको, असं रोगातस गल्लीभर बोलून बसला होता, आणि एक दलाल सकाळपासून कोपऱ्यावर उभा होता. त्याच्याशी शर्यत लावण्याजोगे दोनाताचे गुडघे राहिले नव्हते. म्हणून तिने डोकं चालवायचं ठरवलं.

शेजारणी दारात जमल्यावर तिने पोरीला जमिनीवर ठेवलं. रोगातस हाताची घडी घालून उभा राहिला. आतून सेकुंदाने त्याला हाक मारली. त्याने मान फिरवली.

"म्हणजे तुझी नाही?" दोनाताने विचारलं.

"नाही."

"मग कुणाची?"

"कुणाचीच नाही. ने उकिरड्यावर."

"ऐकलंत ना गं बायांनो? कुणाचीच नाही म्हणतोय. मग उकिरड्यापर्यंत कशाला तंगडतोड करायची?" असं म्हणत दोनाता कण्हत वाकली आणि पोर उचलून तिने पदराखाली घेतली. "उचलेल त्याची. ही आमची झाली."

रोगातस चरफडला. शब्द त्याचाच होता, गिळणार कसा? तुम्ही लोक पोरं खाता म्हणे, असं तो तोंडाला येईल ते बोलला.

"खातो तर. म्हणून तर आमच्या अंगणात पोरांमुळे पाय ठेवायला जागा नसते." मग ती आतल्या खोलीकडे वळली. "आता हिला दूध पाजायला दाई हवी. सेकुंदा, येशील का गं?"

दोनाताच्या लोकांच्या जुन्या गोष्टींत एका आईने आपल्याच लेकराला असं दाई होऊन पाजलं होतं. दोनाताची ती फार लाडकी गोष्ट.

आत सेकुंदा हसतेय की रडतेय, ते कळेना. माझी बायको दुसऱ्याच्या घरी दाई होणार नाही, असं रोगातसने बजावलं. तेव्हा भिंतीशी बसलेली त्याची आई बोलली.

"जाऊ दे तिला. माझी एक अशीच गेली, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

आपल्याला एक बहीण होती, हे रोगातसला त्या दिवशी कळलं. तो चाकावर जाऊन बसला.

पोरीचं नाव स्पेराता ठेवलं, म्हणजे जिची आस धरली ती. सेकुंदा रोज तिला पाजायला जाई. पुढे थोरल्या दोघीही सोबत जाऊ लागल्या आणि नवी गाणी गुणगुणत परत येऊ लागल्या. मग सासूबाईही काठी टेकत निघाल्या. घरात रोगातस एकटा उरला. त्याने चाक सरकवून घेतलं आणि तो दाराकडे तोंड करून बसू लागला. दोनाताने जाता-येता ते पाहिलं आणि ती गालात हसली.

एका बाजाराच्या दिवशी ती स्पेराताला बोट धरून चालवत रोगातसच्या दुकानासमोरून निघाली. पोर नुकती पावलं टाकू लागली होती. नेमकी उंबऱ्याशी ती अडखळली, धपकन पडली आणि तिने भोकाड पसरलं. रोगातस चाक तसंच फिरतं टाकून धावला. चिखलाच्या हातांनी त्याने तिला उचललं, पाठ थोपटली, गुडघा फुंकला.

मग त्याच्या लक्षात आलं की गल्ली गप्प झाली आहे. मासळीवाली तराजू धरून बघत होती, दिवे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं बघत होती.

"उचललीस," दोनाता म्हणाली.

"पडली होती ती."

"जमिनीवर होती, बापाने उचलली. सगळी गल्ली साक्षीला आहे. नको असेल तर ठेव खाली."

स्पेराताने त्याची दाढी मुठीत धरली. रोगातसचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. त्याने तिला खाली ठेवलं नाही.

"मावशी, खरं सांग," तो म्हणाला. "हिला तुझ्या देवाने पाडलं की तू?"

"मी फक्त बोट सोडलं," दोनाता म्हणाली, आणि पलीकडच्या गल्लीत कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या, तिकडे निघाली.