ताईची झोप

"आता डोळे जड होतायत," मामा म्हणाला, आणि आई लगेच म्हणाली, "थांब रे, आधी चष्मा काढू दे."

चष्मा काढून तिने माझ्या हातात दिला, पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि दंड इंजेक्शनसाठी पुढे करावा तशी ती अख्खीच मामापुढे सरळ होऊन पडली. मामा पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. अंगात स्टेजवरचा काळा कोट. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात, औषधांच्या बाटल्यांच्या गर्दीत! मी म्हटलं, "मामा, कोट तरी काढ." तर म्हणाला, "कोटाशिवाय माझा आवाज लागत नाही गं."

माझा मामा संमोहनाचे खेळ करायचा. जाहिरातीवर ‘प्रोफेसर’ छापलेलं असे. शाळेत मात्र तो नववीच्या पुढे सरकला नव्हता. कारखान्यांची संमेलनं, क्लब, शाळा, जिथे बोलावतील तिथे जायचा. प्रेक्षकांतले लोक स्टेजवर घ्यायचे, झोपवायचे, मग कोणाला कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावायचं, कोणाला रिकाम्या खुर्चीशी लग्नाची बोलणी करायला लावायची. लोक हसून हसून लोळत. घरात मात्र त्याच्या विद्येला कोणी भीक घालत नसे. लहानपणी मी त्याला म्हणायचे, "मामा, मला झोपव आणि गणितात पास कर." तो म्हणायचा, "त्याला अभ्यास लागतो बाळा. माझ्याकडे नुसत्या थापा आहेत."

साठी उलटलेल्या या माणसाला आई अजूनही छोट्या म्हणायची.

आईचं दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी बरं करण्याची भाषा केव्हाच सोडली होती, आता फक्त दुखणं आवाक्यात ठेवायचं. औषध होतं, पण जरा वाढवलं की तिला भ्रम व्हायचा, मला ती भलत्याच नावाने हाक मारायची. ते तिला नको होतं. "दुखलं तरी चालेल, डोकं ठिकाणावर राहू दे," असं तिने डॉक्टरांना ठणकावलं होतं. त्यामुळे सकाळचं औषध उतरलं की संध्याकाळचं लागू पडेपर्यंतची दुपार तिच्या अंगावर यायची. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी शेजारच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवत बसायचे. लोकांच्या पँटी आखूड करून देणं, चेन बदलणं, हा माझा धंदा. आई कधी कण्हायची नाही. कण्हली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी ती गप्प असायची.

कुरकुर करणं तिच्या रक्तातच नव्हतं. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी धरली आणि धाकट्या भावाला वाढवलं. एकदा वाफेच्या प्रेसखाली तिचा हात कोपरापर्यंत भाजला. घरी येऊन तिने आधी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि मग मला म्हणाली, "जरा या हाताला काहीतरी लाव गं." माझे वडील गेले तेव्हा लोक तिला धीर द्यायला आले आणि उलट तिच्याकडूनच धीर घेऊन गेले.

अशा बाईने आपण होऊन मला सांगितलं, "छोट्याला बोलावून घे. त्याची ती विद्या दुसऱ्या कधी कामाला यायची?"

मामाची तर गाळणच उडाली होती. "ताई, तो खेळ असतो गं," तो पहिल्या दिवशी उंबऱ्यातूनच म्हणाला.

"मग खेळ माझ्याशी. लहानपणी मी तुझ्याशी कमी खेळले का?"

तो बसला. आणि एक कबूल करायला हवं, त्याचा आवाज लागला की ऐकत राहावंसं वाटायचं. दुखणं म्हणजे रस्त्यावरून जाणारी गाडी आहे, असं तो तिला सांगत होता. गाडी लांब चाललीय, आवाज कमी होतोय, आता वळणापलीकडे गेली. आईच्या कपाळावरची आठी उतरली, ओठ सैल झाले. मी दारात उभी होते, माझेच डोळे मिटायला लागले. त्याने पाच आकडे मोजून तिला जागं केलं तेव्हा ती म्हणाली, "वा रे वा! किती हलकं वाटलं. काय जिभेवर जादू आहे तुझ्या!"

मामा त्या दिवशी जिना उतरला तो शीळ घालत. मग रोज यायला लागला. कोट घालून, केस चापून, नाटकाचा पहिला प्रयोग असावा तसा.

एका सकाळी मी आईच्या उशीचा अभ्रा बदलायला काढला. त्याचा एक कोपरा विरून जाळी झाला होता. कापडाशी माझा जन्म गेलाय. तो कोपरा फाटलेला नव्हता, चावलेला होता.

"आई, हे काय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

"म्हणजे दुखतं तुला? तो असतानाही?"

"दुखेल नाही तर काय होईल? गाडीबिडी कुठे जात नाही. इथेच उभी असते." तिने कमरेवर हात ठेवला. "तो गेला की मग जरा उशी धरते तोंडात."

माझा तोल सुटला. "मग हे नाटक कशाला रोज?"

"एवढ्या उकाड्यात बिचारा कोट घालून येतो गं," आई म्हणाली.

आता या उत्तरावर डोकं आपटायचं की हसायचं? मी दोन्ही केलं नाही. ती मग हळूहळू सांगायला लागली. मामाचा पहिलावहिला खेळ तिनेच ठरवला होता, तिच्या लाँड्रीच्या लोकांसमोर. हा कोट घालून स्टेजवर उभा, आणि वर यायला कोणीच तयार नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मामाच्या मानेवरून घाम ओघळताना तिला खालून दिसत होता.

"मग मी उठले. जाऊन बसले खुर्चीत आणि टाकली मान. सफरचंद म्हणाला, खाल्ला कांदा. ते बघून लोक धडाधड वर आले. लोकांचं असंच असतं, कोणीतरी आधी जावं लागतं."

"मामाला माहीत आहे हे?"

"वेडी का काय तू? तो समजतो, मी खरीच झोपले होते. त्या एका दिवसाच्या जोरावर उभा राहिलाय तो जन्मभर."

"मग आत्ता त्याला कशाला बोलावलंस?"

"म्हटलं, लागू पडलं तर पडलं. बाकीचं सगळं करून झालंय. आणि नाहीच पडलं, तर रोज नजरेसमोर तरी येईल."

मी अभ्रा धुवायला टाकला आणि तोंडाला कुलूप लावून घेतलं. पण मनातून दोघांचाही संताप आला होता. एकीला सोसायचं तर सोसावं, वर दुसऱ्याची करमणूक कशाला? आणि दुसऱ्याने तरी एवढं भोळं असावं?

पण मामा भोळा नव्हता. चारपाच दिवसांनी खेळ संपवून तो स्वयंपाकघरात आला, ओट्याजवळच्या खुर्चीत बसला, आणि मी दिलेला चहा त्याने तोंडाला लावला नाही. कपाचा कान धरून नुसता कप फिरवत राहिला.

"ती झोपत नाही," तो म्हणाला.

मी भांडी लावत होते, लावत राहिले.

"स्टेजवर मी प्रत्येकाचा हात उचलून बघतो. सैल पडलेल्या माणसाचा हात सोडला की ओल्या टॉवेलसारखा पडतो. सोंग करणाऱ्याचा पडत नाही, तो ठेवतो. ताईचा हात इतके दिवस उचलला नव्हता. भीतीच वाटत होती म्हण ना. आज उचलला." त्याने कप खाली ठेवला. "तिने तो अलगद खाली नेऊन ठेवला गं. मला कळू नये म्हणून इतका हळू."

माझी पाठ त्याच्याकडे होती. तरी तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"मामा, चहा घे. गार होतोय."

"आणि तो कांदा? पहिल्या दिवशीचा?"

मी काही बोलले नाही. माणूस गप्प राहिला की त्याचं उत्तर मिळतंच.

"डोळ्यांतून धारा लागल्या होत्या तिच्या," मामा म्हणाला. "मला वाटलं, झोपेतही येत असेल पाणी." तो हसल्यासारखा झाला आणि तसाच रडायला लागला. "बाकीच्यांचं मला ठाऊक होतं गं. ते सगळे सोंगं करतात. काही सगळं जाणून करतात, काहींना स्वतःला कळत नाही, पण करतात. दहा वर घ्यायचे, अवघडलेले परत पाठवायचे, आणि ज्यांना खेळ मोडवत नाही अशी माणसं ठेवून घ्यायची. एवढीच माझी विद्या. पण मनात यायचं, नाही, अगदीच खोटं नाहीये हे. ताई खरी झोपली होती."

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असं म्हणतात. पण ज्याच्यासाठी सोंग घेतलं त्यालाच ते कळलं तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. मला मामाची इतकी दया आली की मी त्याच्यावर खेकसले.

"मग उद्यापासून नको येऊस! सांगून टाक तिला, आणि सोडव दोघांना."

त्याने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "असं कसं सांगू? स्टेजवर कोणाला सोंग करताना पकडलं ना, तरी चारचौघांत उघडं पाडायचं नसतं." मग त्याचा आवाज बदलला. धंद्यातलं बोलताना व्हायचा तसा. "लोक माझ्यासमोर नाचतात ते का, माहीत आहे? त्यांना कधीचं नाचायचं असतं. लाजत असतात. मी म्हणतो, नाच, आणि ते सुटतात. जबाबदारी माझी ना! मी कोणाला झोपवत नाही. मी परवानगी देतो फक्त."

"बरं, मग?"

"मग ताईला मी काय सांगत बसलो होतो? दुखत नाहीये म्हणून. ते तर ती न सांगताच करतेय सगळा जन्म."

चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो आधी रस्त्याकडची खिडकी लावायला गेला. आई म्हणाली, "अरे, गुदमरायला होईल." तो म्हणाला, "थोडा वेळच." मी मशीनवर जाऊन बसले. कोणाची तरी पँट सुईखाली होती. पायडलवर पाय ठेवला, पण तो हलेना. मधलं दार उघडं होतं.

मामाने आवाज लावला. डोळे जड, पाय जड, खांदे जड. गाडीचं नाव नाही.

"ताई, आता तू पूर्ण माझ्या ताब्यात आहेस."

"हं."

"मी सांगेन ते तुला करावंच लागणार. तुझ्या हातात काही नाही."

"हं."

"मग दुखतंय तेवढं रड."

आत काहीच हललं नाही. मग आईचा आवाज आला, अगदी जागा. "छोट्या, हे काय..."

"झोपलेली माणसं बोलत नाहीत ताई. सांगितलेलं करतात. रड. मोठ्याने रड. मी सांगतोय म्हणून."

आधी एक बारीक आवाज आला. तो आईचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही, कारण तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग ती रडली. "आई गं" म्हणून रडली, ओरडली, पलंगाच्या कडेवर हात आपटले तिने. नाही सोसवत म्हणाली. नाही सोसवत रे आता, आतून कोणी करवतीने कापतंय. मला भीती वाटते. मला नाही जायचं कुठे. मग एकामागून एक सगळंच बाहेर यायला लागलं. लाँड्रीतल्या वाफेचं, लवकर मरून गेलेल्या आईवडिलांचं, तिला एकटीला टाकून गेलेल्या माझ्या वडिलांचं. आणि माझंही. "ही पोरगी तिकडे मशीन बडवत बसते दिवसभर. इथे येऊन बसत नाही माझ्याजवळ."

मी पँटचं कापड मुठीत घट्ट धरून बसले होते. मामा मधून मधून एवढंच म्हणत होता, "हो ताई. अजून. हो." कितीतरी वेळाने तिचं रडणं आपोआप ओसरलं, आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"आता मी पाच म्हटलं की तुला जाग येईल," मामा म्हणाला. "आणि यातलं काही म्हणजे काही तुला आठवणार नाही."

त्याने सावकाश आकडे मोजले. मी उठून दारात आले. आईने डोळे उघडले. तोंड सुजलं होतं, गाऊनचा गळा ओला झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. तिने हाताने ते मागे सारले.

"काही बोलले का रे मी?"

"नाही ताई. गाढ झोपली होतीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू गं? तुला काही ऐकू आलं?"

"मला कुठलं ऐकू येतंय," मी म्हटलं. "मशीन चालू होतं ना."

ती मान हलवून बरं म्हणाली. मी जाऊन पलंगावर तिच्या पायाशी बसले. तिने कष्टाने पाय थोडे आखडून घेतले, मला नीट बसता यावं म्हणून. मामाने खिडकी उघडली, कोटाची बटणं काढली आणि तो जायला निघाला.

"उद्या जरा लवकर ये," आई त्याला म्हणाली.