कोपऱ्यातला घोडा

भिंतीच्या मातीचा नमुना भावनाने बाहेरच्या बाजूने घेतला, त्यात तेव्हा तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट थोडा अभिमानच वाटला होता. चित्राला बोट न लावता चित्राची तपासणी करायची, ही तिच्या कामाची पहिली शिस्त होती.

उमरोळीच्या पूर्वेला, कालव्यापलीकडच्या पाड्यावर तानीआजीचं कुडाचं घर होतं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर माती आणि शेण लिंपलेल्या भिंती. आतल्या एका भिंतीवर लग्नाचा चौक होता, वारल्यांचं देवीचं चौकोनी चित्र. माघात नातवाचं, मिथुनचं, लग्न झालं तेव्हा तानीने तो गेरूवर तांदळाच्या पिठाने काढला होता. आता त्याच जागेवर मिथुनला मंजूर झालेलं घरकुल बांधायचं होतं. पावसाआधी जोतं वर यायला हवं होतं, म्हणजे जुनं घर पडणार हे ठरलेलं होतं.

ही बातमी रूपलबेनला कळली आणि तिने भावनाला पाठवलं. बोईसरला स्टेशनजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रूपलबेनची कला-सल्ला संस्था होती. कारखान्यांच्या लॉबीत, केळव्याच्या रिसॉर्टात कुठलं चित्र लावावं, कुणाकडून घ्यावं, त्याखाली काय लिहावं, हे ती सांगायची. भावनाला चित्रातलं काही कळत नव्हतं. ती माकुणसारची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, तारापूरच्या एका कारखान्यात वर्षभर नमुने तपासून आलेली. रूपलबेनला तशीच मुलगी हवी होती. "चित्र सुंदर आहे असं सांगणारे मला ढिगाने भेटतात," ती मुलाखतीत म्हणाली होती. "चित्र कुठे तडकलंय ते सांगणारं एक माणूस मिळत नाही."

तारापूरच्या एका कारखानदाराला नव्या इमारतीसाठी खराखुरा चौक हवा होता. कापडावरचा नाही, भिंतीवरचा, भिंतीसकट.

भावना पहिल्यांदा गेली ती फाल्गुनात. तेव्हा तानीचा नवरा जिव्या होता. दाराशी बाजेवर पडून खोकत होता, पण जीभ शाबूत होती. भावनाने चौकाचे फोटो काढायला घेतले. प्रत्येक फोटोत मापाचं कार्ड असायलाच हवं, काळ्या-पांढऱ्या चौकटींचं, सेंटिमीटर दाखवणारं. ते चौकावर ठेवायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून चौकाच्या किनारीबाहेर खालच्या उजव्या कोपऱ्यात तिने ते टेकवलं. तिथे एक घोडा होता, पण तो फसलेला. मागचा एक पाय लांबत लांबत पार जमिनीपर्यंत गेला होता.

"तो मीच बिघडवला," जिव्या बाजेवरून म्हणाला. "ही काढत व्हती, मी बोललो, घोडा हाय का बकरी? ही हसली न् हात सुटला."

"तीन पाय माझे, चवथा म्हाताऱ्याचा," तानी म्हणाली. "पुसणार व्हते. तर बोलतो, ऱ्हाऊदे, नवरीला घेऊन लंगडत का होईना, पोचंल."

भावना हसली आणि वहीत लिहिलं: कोपऱ्यात एक सदोष आकृती, महत्त्व कमी.

चैत्रात जिव्या गेला.

वैशाखात भावना चौक सोडवायची तयारी करून आली, तेव्हा तानीचा गळा आणि मनगटं उघडी होती. भावना पिशवीतून ब्रश काढत बसली. बोलली ती तानीच.

"चौक सवाशिणींनी काढायचा असतो, बाय. हात हायेत माझे, पण आता मी त्या पिठाला नाय शिवणार. ह्यो शेवटचा." मग म्हणाली, "पोरगा कुदळीनं पाडंल, त्यापरीस तू ने. पण घोडा नीट ने. जिथं लावशील तिथं मला एकदा दाखव."

"एक रेघ हलणार नाही, आजी," भावना म्हणाली. आयुष्यात आजवर कुठलाही आकडा तिने त्रुटी किती ते जोडल्याशिवाय सांगितला नव्हता.

पद्धत साधी होती. चित्रावर चिकट द्रावणाने पातळ कागद बसवायचा, तो वाळून घट्ट झाला की मागच्या काठ्या कापायच्या आणि अख्खी भिंत फळीवर आडवी घ्यायची. बाहेरच्या भिंतीचे दहा तुकडे नेऊन तिने हीच कृती करून पाहिली होती. कागद ओढला तर कागद फाटत होता, माती हलत नव्हती. दहातले दहा.

सकाळी तिने कागद बसवला. चौकातली देवी, भोवतीची नक्षी, कोपऱ्यातला घोडा, सगळं ओल्या कागदाखालून धूसर दिसत होतं. तानी समोर पाय पसरून बसली होती, नजर घोड्यावर. मिथुन बाहेर विटा रचत होता. ऊन चढलं तसा कागद वाळून ताणला जाऊ लागला.

दुपारी पापड मोडावा तसा आवाज झाला. मग दुसरा. वरच्या कडेपासून कागद सुटला आणि भिंतीचा अख्खा दर्शनी थर घेऊन पुढे वाकला. भावनाने दोन्ही हात लावले. हातांच्या मध्ये तो फुटला आणि हातांच्या दोन्ही बाजूंनी खाली गेला. घरभर धूळ झाली. धूळ बसली तेव्हा भिंतीच्या पायाशी ढीग होता. ओल्या द्रावणाने पीठ आधीच सुटं केलं होतं, त्यामुळे कागदाच्या आतल्या बाजूला नुसता पांढरा फराटा उठला होता.

मिथुन दारात येऊन उभा राहिला. "कुदळीनं पण एवढ्या लवकर पडली नसती, मॅडम," तो म्हणाला आणि आजीकडे बघून परत विटांकडे वळला.

कारण शोधायला भावनाला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उघड्या पडलेल्या भागावर काळसर, तेलकट चकाकी होती. बोट फिरवलं तर काजळी लागली. या घरात दर लग्नाला जुन्या चौकावरच नवं सारवण व्हायचं, आणि दोन लग्नांच्या मधली सगळी वर्षं समोरच्या चुलीचा धूर त्यावर बसायचा. थर एकमेकांना धरूनच नव्हते, नुसते टेकलेले होते. बाहेरच्या भिंतीला धूर कधी लागलाच नव्हता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. तिच्या वहीत, तिच्याच अक्षरात होतं: आजी म्हणतात, आतली भिंत धूर खाल्लेली आहे. त्या ओळीच्या समोर तिने लिहिलं होतं, तोंडी माहिती. आणि पान उलटलं होतं.

भावनाने रूपलबेनला फोन लावला आणि चौक पडल्याचं सांगितलं.

"पूर्ण?" तिने विचारलं.

"पूर्ण."

"बरं. मी तुला ओरडत नाही. फोटो आहेत ना? पाड्यावरच्याच एखाद्या सवाशिणीकडून बोर्डवर उतरवून घेऊ. आधी बोर्डाला मातीही तीच लिंपेल. मजकूर मी बघते."

"रूपलबेन, तो शेवटचा होता. आजी आता..."

"भावना, मला शुक्रवारी लॉबीत काहीतरी उभं करायचंय. तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग. खरंच सांग."

भावनाने तो सांगितला नाही. ती ढिगासमोर गुडघ्यांवर बसली. चिमटे आणले होते, ट्रे होते, चाळणी होती. उजव्या कोपऱ्याखालचा ढीग तिने वेगळा केला आणि एकेक ढेकूळ उलटून पाहू लागली. तानी येऊन शेजारी बसली आणि सुपात माती घेऊन बोटांनी चाचपू लागली. ऊन उतरेपर्यंत दोघी माती चाळत राहिल्या.

शेवटी भावनाला अंगठ्याएवढा एक तुकडा सापडला. त्यावर स्पष्ट पांढरी रेघ होती, किंचित वाकडी, पायासारखी. तिने तो तळहातावर ठेवून पुढे केला.

तानीने तो उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"ह्यो माझा नाय," ती म्हणाली. "सासूचा हाय. ती रेघ जाड वढायची." आणि तुकडा अलगद सुपात ठेवला.

"आजी, माझ्याकडे फोटो आहेत," भावना घाईने म्हणाली. "बेचाळीस आहेत. घोडा मोठा करून तुम्हाला..." तिने टॅब काढला, पहिला फोटो उघडला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर दोन बोटं फाकवली.

कोपरा मोठा झाला. काळी चौकट, पांढरी चौकट, काळी चौकट. कार्डाच्या वरच्या कडेतून घोड्याचे दोन कान तेवढे बाहेर आले होते.

तानी पुढे वाकली. "ह्यो काळा-पांढरा काय हाय?"

"माप आहे, आजी."

"कशाला ठेवलं?"

"चित्र केवढं होतं, ते नंतर कळावं म्हणून."

तानीने बोट कार्डावर टेकवलं आणि ते बाजूला सारायला बघितलं, दारातली फळी सारावी तसं. फोटो सरकला, दुसरा आला. त्यातही कार्ड तिथंच होतं. तिने परत सारलं. बाहेर मिथुनने कुदळीला दांडा बसवून तो दगडावर ठोकायला घेतला होता. भावनाला थांब म्हणता आलं नाही, दोघांपैकी कुणालाच. तानी सारत राहिली, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत काय असणार हे भावनाला आधीच ठाऊक होतं.