माणिकबाईंचा खल

मी माणिकबाईंचा खल बोलतोय. दगडाचा आहे, तेव्हा बोलणं जरा जड वाटेल. सांभाळून घ्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला घडवलं. माणिकबाई तेव्हा नवी नवरी होत्या. त्यांनी मला चाचपलं, बत्ता दोनदा आपटून पाहिला आणि मांडीवर घेऊन एसटीने हिवरखेडला नेलं. तिथे माझे दिवस सुखात गेले. चुलीवर भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, सगळं गरमगरम माझ्या पोटात पडायचं. ठेचा काढून झाला की माणिकबाई भाकरीच्या तुकड्याने मला आतून पुसायच्या आणि तो तुकडा लेकीला द्यायच्या.

ती लेक, कुमुद, पुढे अमरावतीला जीवरसायनशास्त्रात संशोधन करू लागली. शेंगा पोखरणारी अळी तुरीचा फडशा पाडते, मग रानतुरीच्या वाट्याला का जात नाही, हा तिचा प्रश्न. त्यासाठी दाणे वाटायचे, तेही गारव्यात, नाहीतर आतलं प्रथिन बिघडतं. प्रयोगशाळेतले चिनी मातीचे खल तडकायचे. दिवाळीला घरी आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"माय, हा नेऊ का? आठ दिवसांत वापस आणून देईन."

"ने. पण इसरू नको."

तेव्हापासून मी फ्रीझरमध्ये आहे. आधीच दगड, त्यात बर्फात मुक्काम! पण काम फत्ते झालं. माझ्यात वाटलेल्या रानतुरीत कुमुदला एक प्रथिन सापडलं. ते पोटात गेलं की अळी खात राहते, पण तिला खाल्लेलं पचत नाही. शोधनिबंध छापून आला. मग केनियातून, ऑस्ट्रेलियातून विचारणा होऊ लागली. तिच्या पद्धतीने कोणी चवळीवर काम केलं, कोणी हरभऱ्यावर. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपल्या निबंधात तिच्या कामाचा आधार घेऊ लागले. एका पाहुण्याने तर माझा फोटो काढला. मी फुगलो, खोटं कशाला बोलू? पण त्याच क्षणी मला ठेच्याची आठवण झाली आणि जीव कासावीस झाला.

"माहा खल कवा आणशीन वं?" माणिकबाई फोनवर विचारायच्या.

"येते माय पुढच्या सुट्टीत, घेऊनच येते."

सुट्टीत नवे प्रयोग निघायचे. आणि मुळात प्रयोगशाळेत शिरलेलं भांडं पुन्हा खाण्याला वापरायचं नसतं, दगडात तर रसायनं मुरतात. हा नियम कुमुद प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायची. मी फ्रीझरच्या दाराआडून ऐकायचो. तरी आस सुटत नव्हती.

गेल्या महिन्यात कुमुद निवृत्त झाली. निरोपाला थकलेल्या माणिकबाई आल्या, हातात रिकामी पिशवी घेऊन. भाषणांमध्ये कुमुदचा उदोउदो चालला होता, तर या विचारत होत्या, "खल कुठी ठेवला?" शेवटी कुमुदने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. माणिकबाईंनी हात आत घातला. किती वर्षांनी!

"बापा, किती गार पडला हा!" त्यांनी पिशवी उघडली.

कुमुदने त्यांचा हात धरला. "माय, हा घरी चालत नाही. यात औषधं वाटली. यातलं खाल्लं तं बाधेल."

"मंग मले सांगतलं काहून नाही? मी येवढी वर्सं वाट पाहून राहिली."

"तुले वाईट वाटलं असतं म्हून."

माणिकबाई बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता भांडतील, मला उचलतील. मी तर तयारच होतो. पण त्यांनी पिशवीची घडी घातली आणि लेकीकडे पाहिलं.

"राहू दे त्याले. तू तरी चाल घरी."

कुमुद टेबलाशी उभ्या उभ्याच रडू लागली. मग मायलेकी हात धरून जिना उतरल्या. मला एकदम कळलं, की फोनवर विचारणा माझ्या नावाने व्हायची, पण वाट कुमुदची पाहिली जात होती. कळून दुःख कमी झालं, असं मात्र नाही.

आता आचल नावाची मुलगी कुमुदचं काम पुढे नेते आहे. मला जपते, स्वच्छ ठेवते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिवरखेडकडे कोणी जाणार असाल, तर माणिकबाईंना सांगा, लेक घरी आलीच आहे, तर आता नवा खल घ्या. बाजारात बत्ता दोनदा आपटून बघा. आणि त्याला कुणाला देऊ नका.